सैल सालीचा संत्रा

नागपूरहून अमरावतीकडे निघालेली गाडी कोंढाळी मागे टाकून वर्धा जिल्ह्यात शिरली, की हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला केशरी ढीग दिसू लागतात. चार बांबू, वर ताडपत्री, खाली प्लॅस्टिकचे कॅरेट, त्यावर नीट रचलेला संत्रा. गाडी थांबली, की विकणारी बाई भाव सांगण्याआधी एक फळ हातात देते. ‘चाखून पाहा जी, गोड नसला तं घेऊ नका.’ देठाजवळच्या उंचवट्यात अंगठा खुपसला, एकदा फिरवला, की साल वाटीसारखी अख्खी हातात येते. चाकू लागत नाही, दात लागत नाहीत. फोडी आपण होऊन सुट्या होतात. कारंजा घाडगे मागे पडतं, तळेगाव येतं, फळ केव्हाच संपलेलं असतं, पण बोटांचा वास जात नाही.

ही सैल साल लहान मुलाला आवडते, म्हाताऱ्या माणसाला सोयीची वाटते आणि रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याला दोन फोडी देणं सोपं करते. ट्रकवाल्याला आणि परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हीच साल घाम फोडते. घट्ट सालीची मोसंबी दणके खात महिनाभर तग धरते. संत्र्याची साल आणि गर यांच्यात हवेची पोकळी असते, त्यामुळे तो दबतो, फाटतो, आठ-दहा दिवसांत सुकायला लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या संत्र्याची चव, त्याचा वास, त्याचा औषधी लौकिक आणि त्याच्या बागायतदाराची कटकट यांतलं बरंच काही या एका सालीपाशी येऊन थांबतं.

आधी नावाचा घोळ मिटवलेला बरा. पुण्या-मुंबईकडे ‘ते संत्रं’, विदर्भात ‘तो संत्रा’. या लेखात तो संत्राच राहील, कारण गोष्ट त्याच्या गावची आहे. दुसरा घोळ जिल्ह्याचा. आर्वी, आष्टी आणि कारंजा या वर्ध्याच्या तीन तालुक्यांत पिकलेला संत्राही बाजारात ‘नागपुरी’ म्हणूनच विकला जातो. वर्धेकरांना हे टोचतं, पण इतिहास पाहिला तर नागपूरचा दावा अगदीच पोकळ नाही. १८६२ सालापर्यंत वर्धा हा नागपूर जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा त्या वर्षी झाला आणि वर्धा शहर तर १८६६ साली वसवलं गेलं. संत्रा या भागात आला तो नागपूरच्या भोसल्यांच्या बागेतून, आणि भोसल्यांकडे औरंगाबादेहून, असं परंपरेनं सांगितलं जातं. २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हे नाव आणखी पक्कं झालं.

वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर संत्रा सगळीकडे नाही, आणि त्याचं कारण मातीत आहे. हिंगणघाट, समुद्रपूरकडची जमीन खोल, काळी, चिकट. कापसाला ती मानवते. संत्र्याच्या मुळांना मात्र पाणी साचलेलं चालत नाही. मुळ्या कुजतात, बुंध्यातून डिंक गळू लागतो, आणि शेतकरी म्हणतो, ‘झाडाला डिंक्या लागला.’ उत्तर-पश्चिमेकडे, म्हणजे आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यात, जमीन चढउताराची आणि मध्यम खोलीची. पाणी निचरून जातं. पलीकडे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं वरूड-मोर्शी, वर नागपूर जिल्ह्यातलं काटोल-नरखेड. हा सगळा एकच पट्टा आहे. जिल्ह्यांच्या सीमा माणसांनी आखल्या, झाडांना त्यांचा पत्ता नाही.

बागेत उभं राहून झाडाकडे नीट पाहिलं, तर ते एक झाड नसून दोन झाडं असल्याचं लक्षात येतं. जमिनीपासून वीतभर वर बुंध्याला एक सांधा दिसतो. सांध्याच्या खाली जंबेरी, वर संत्रा. जंबेरी हे ओबडधोबड, आंबट, काटेरी लिंबू. त्याचं बी रोपवाटिकेत पेरायचं, रोप पेन्सिलीइतकं जाड झालं की त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. मुळं जंबेरीची, चव संत्र्याची. कधी दुष्काळात वरचा संत्रा वाळतो आणि खालून जंबेरी फुटते. दुर्लक्षित बागेत काटे आणि खरबरीत पिवळी फळं दिसली, तर समजावं की घरमालक गेला आणि भाडेकरू राहिला.

या फळांचं कूळही मोठं गमतीचं आहे. आज आपण ज्यांना लिंबूवर्गीय म्हणतो त्यांतली बहुतेक फळं मोजक्या मूळ पूर्वजांच्या संकरातून आली. त्यांतले तीन आपल्या ओळखीचे: महाळुंग, पपनस आणि संत्रा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते महाळुंग. पपनस आणि संत्र्याच्या घराण्यांचा मिलाफ होऊन मोसंबीचं कूळ निघालं. म्हणजे जालन्याची मोसंबी आणि आर्वीचा संत्रा यांचं नातं नुसतं बाजारातल्या शेजाराचं नाही, रक्ताचं आहे. ‘नारंग’ हा आपला जुना शब्द फारसी आणि अरबीतून फिरत युरोपात गेला आणि तिथे ‘ऑरेंज’ झाला. इंग्रजी शाळेतलं मूल ‘ओ फॉर ऑरेंज’ म्हणतं तेव्हा घरचाच शब्द परत घरी आलेला असतो.

संत्र्याचे वर्षाचे दोन हंगाम. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, संत्राही फुलतो. तो आंब्या बहार. त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. दुसरा मृग बहार. जून-जुलैत, पहिल्या पावसाबरोबर फूल, आणि फळ पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलात. आंब्याच्या संत्र्याला किंचित आंबटपणा जास्त, मृगाचा गोड आणि रंगानं खुललेला. खाणाऱ्यांचा कौल बहुधा मृगाला जातो.

झाड मनानं फुलत नाही, त्याला फुलवावं लागतं. शेतकरी बागेचं पाणी तोडतो. याला ‘ताण देणं’ म्हणतात. जमीन भेगाळते, पानं मलूल होतात, काही गळतात. दुपारी माना टाकलेली पानं संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर ताण अजून पुरा झालेला नाही. पण नेमकं किती ताणायचं हे पुस्तकात मिळत नाही. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी जमिनीत जास्त. ताण कमी पडला तर पालवी फुटते आणि फूल येत नाही. जास्त झाला तर फांद्या वाळतात. मग एक दिवस पाणी सोडून ‘ताण तोडला’ जातो, आणि दोन-तीन आठवड्यांत बाग पांढरी होते. त्या दिवसांत आर्वीकडच्या एखाद्या बागेजवळून रात्री मोटारसायकलवरून जाणाऱ्याला वासावरूनच कळतं, की बहार फुटला.

फुलाचा वास आणि फळाचा वास मात्र वेगळा. फळाचा वास राहतो सालीत. सालीच्या केशरी भागावर बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवली की त्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. विदर्भातल्या मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यात हा फवारा एकदा तरी कुणीतरी उडवलेला असतो. लाईट गेल्यावर मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल पिळून चरचरणाऱ्या ठिणग्या पाडण्याचा खेळही जुनाच. या तेलाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग लिमोनिन नावाच्या पदार्थाचा असतो. तो पेट घेतो, म्हणून ठिणग्या. तो रबर विरघळवतो, म्हणून ताज्या सालीचा फवारा फुगलेल्या फुग्यावर मारला तर फुगा फट्कन फुटतो. घरात वाढदिवस असेल तर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही, फक्त डोळे सांभाळून.

पण लिमोनिन तर मोसंबीतही असतं, लिंबातही असतं. मग संत्र्याचा वास निराळा का? उरलेल्या थोड्याशा भागात उत्तर आहे. संत्र्याच्या कुळातल्या तेलात नत्रयुक्त सुगंधी पदार्थाचा एक अंश असतो. तो प्रमाणानं नगण्य, पण नाकाला लगेच कळणारा, काहीसा फुलासारखा आणि जड. स्वयंपाकघरात एका शिट्टीवर भात आणि वरण कोणतं ते ओळखणारं मराठी नाक डोळे मिटूनही संत्रा आणि मोसंबी वेगळी सांगतं, ते या अंशामुळे.

(वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. वासाचं हे लिमोनिन आणि पुढे येणारं कडूपणाचं लिमोनिन ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. इंग्रजीत स्पेलिंगात थोडासा फरक आहे, मराठीत तोही उरत नाही. म्हणून इथून पुढे पहिल्याला ‘सालीचं तेल’ आणि दुसऱ्याला ‘कडूद्रव्य’ म्हणू.)

आता प्रकृतीकडे. संत्रा म्हटलं की जीवनसत्त्व ‘क’, हे समीकरण इतकं घट्ट बसलं आहे की त्याला थोडा धक्का द्यायला हवा. संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरात ‘क’ साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम असतं. पेरूत त्याच्या कितीतरी पट, २०० मिलिग्रॅमच्या वर. आवळा तर पेरूलाही मागे टाकतो. तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या शर्यतीत संत्रा पहिला नाही, तिसराही नसेल. पण आवळा एका बैठकीत कोण चार खातं? संत्रा खातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ हवं. मध्यम आकाराचे दोन-तीन संत्रे ते भागवतात, आणि तेही न शिजवता, न चिरता, न मीठ लावता. उष्णतेनं आणि हवेनं हे जीवनसत्त्व उडतं. संत्रा मात्र खायच्या क्षणापर्यंत सालीत बंद असतो.

‘क’ मिळालं नाही तर काय होतं, हे जगाला जहाजांवर कळलं. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा उघडायच्या आणि खलाशी मरायचे. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या इंग्रज युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरानं बारा आजारी खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्रे आणि एक लिंबू. सहा दिवसांत जहाजावरचे संत्रे संपले, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक कामावर परतण्याजोगा झाला होता. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही इंग्रज आरमारानं लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. सरकारी फाइल तिकडेही आपल्याच वेगानं चालत होती.

आज वर्धा जिल्ह्यात तो आजार सहसा कुणाला होत नाही. इथल्या माणसाला संत्र्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी यांत लोह असतं, पण ते वनस्पतीतलं लोह. आतड्याला ते शोषून घेणं अवघड जातं. जेवणाबरोबर ‘क’ मिळालं तर ते लोह विरघळत्या रूपात राहतं आणि शोषण वाढतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातली द्रव्यं लोहाला अडवून धरतात. म्हणून शेतावर भाकरी खाणाऱ्या बाईनं वर एक संत्रा खाल्ला आणि चहा तासभर पुढे ढकलला, तर तेवढ्या बदलानं त्याच भाकरीतून तिला जास्त लोह मिळतं. गोळीची जागा संत्रा घेत नाही. रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, पण ती गोळीही चहाऐवजी संत्र्याबरोबर घेतली तर बरं.

सर्दीचं काय? इथे दोन टोकाचे समज आहेत. एक घर म्हणतं, ‘संत्रा खाऊ नको, सर्दी होईल.’ दुसरं म्हणतं, ‘संत्रा खा, सर्दी पळेल.’ दोन्हींत फारसं तथ्य नाही. संत्रा सर्दीच्या दिवसांतच येतो, त्यामुळे दोष त्याच्या माथी बसतो. सर्दी होते विषाणूमुळे. आणि रोज ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दिसलं, की सामान्य माणसाची सर्दी त्यानं टळत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये सुमारे १४ टक्के लवकर आटोपते, इतकंच. म्हणजे मोठ्यांच्या सात दिवसांच्या सर्दीतला अर्धा दिवस.

फोडीवरच्या पांढऱ्या शिरा खुडून काढण्याची सवय बहुतेक घरांत आहे. लहान मुलांना तर आई एकेक शीर काढून, फोड सोलून, बी टिपून भरवते. बी टिपावं. शिरा राहू द्याव्यात. फळातला चोथा मुख्यतः त्यांत आणि फोडीच्या पापुद्र्यात असतो, आणि हेस्पेरिडिन नावाचं द्रव्यही. रक्तवाहिन्यांना त्याचा फायदा होतो का, यावर प्रयोग झाले आहेत, निकाल आशादायक पण माफक आहेत. मोठ्या अपेक्षा न ठेवताही शिरा खाव्यात, कारण पोट साफ राहायला चोथा लागतो आणि तो फुकटात मिळतो आहे.

वर्ध्यात बसून संत्र्याच्या रसाची गोष्ट सांगायची आणि गांधीजींचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि तिच्यातलं घर दिलं, त्याची मगनवाडी झाली. तिथून गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला गेले. त्यांच्या उपवासांची सांगता कशानं झाली हे पाहिलं तर एक पेय पुन्हा पुन्हा दिसतं. २६ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात, ३ मार्च १९४३ ला आगाखान पॅलेसमधल्या एकवीस दिवसांच्या उपवासानंतर, १८ जानेवारी १९४८ ला दिल्लीत. तिन्ही वेळा संत्र्याचा रस. पहिल्या दोन वेळा पेला कस्तुरबांच्या हातून आला. दीर्घ उपवासानंतर पोटाला एकदम जड अन्न देणं धोक्याचं असतं. पातळ, थोडी साखर आणि थोडं पोटॅशियम असलेला रस हळूहळू घेणं त्यामुळे शहाणपणाचं होतं. आगाखान पॅलेसमध्येच त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ज्या ऋतूत जे फळ आपल्याकडे पिकतं ते खावं असा त्यांचा आग्रह आहे, आणि त्या फळांच्या यादीत संत्रा-मोसंबी आहेत. फळ खायला सकाळची वेळ उत्तम, असंही ते सांगतात.

पण उपवास न करणाऱ्या माणसानं रोज सकाळी संत्र्याचा रस प्यावा का? एक पेला भरायला चार संत्रे लागतात. चार संत्र्यांची साखर दोन घोटांत पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. मधुमेह असलेल्यानं एक संत्रा फोड फोड करून खाल्ला तर बहुधा बिघडत नाही, रसाचा पेला बिघडवतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हात लावावा. संत्रा खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लानं दातांचा वरचा थर काही वेळ मऊ झालेला असतो. चूळ भरावी, अर्ध्या तासानं घासावेत. आणि एक फारसं ठाऊक नसलेलं: रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पपनस आणि ग्रेपफ्रूट यांचं वाकडं आहे. त्यातली द्रव्यं शरीरातली औषध पचवणारी यंत्रणा अडवतात आणि गोळीचा परिणाम नको तितका वाढतो. संत्र्याला हा दोष नाही. गणपतीत कोकणातून पपनस घेऊन येणाऱ्या पाहुण्यानं मात्र आजोबांच्या गोळ्यांची चौकशी करावी.

रसाची दुसरी अडचण चवीची आहे, आणि तिनं विदर्भाचं मोठं आर्थिक गणित बिघडवलं आहे. संत्र्याचा रस काढून तासाभरानं प्याला तर तो कडवट लागतो. सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवला तर संध्याकाळी आणखी कडू. अनेकांना वाटतं बी चिरडलं गेलं असेल. बियांचा हात असतोच, पण खरं कारण वेगळं. अख्ख्या फळात कडूद्रव्य जवळजवळ नसतं. त्याचं एक बेचव पूर्वरूप फोडीच्या पापुद्र्यात शांत पडून असतं. रस काढताना पापुद्रा फाटतो, पूर्वरूपाची रसातल्या आम्लाशी गाठ पडते, आणि हळूहळू त्याचं कडूद्रव्य तयार होतं. फळ दातांनी फोडून गिळलं तर त्याला वेळच मिळत नाही. म्हणून खाताना गोड लागलेला संत्रा बाटलीत कडू होतो.

जगात डबाबंद रसाचा जो धंदा चालतो तो ब्राझीलसारख्या देशांतल्या मोसंबीवर्गीय फळांवर. नागपुरी संत्र्याचा रस कारखान्यात टिकवायचा तर कडूपणा काढण्याची वेगळी प्रक्रिया लागते, आणि ती खर्चीक. ‘एवढा संत्रा पिकतो, मग इथे रसाचे कारखाने का निघत नाहीत?’ हा प्रश्न विदर्भात प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. उत्तरात भांडवल, विजेचे दर, राजकारण सगळं येतं, पण फळाचा हा स्वभाव कुणी सांगत नाही. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. कमी बियांची वाणं, रोगमुक्त रोपं, सिंचनाच्या पद्धती यांवर तिथे काम होतं. संत्र्याला ‘हातानं सोलून खायचं फळ’ म्हणूनच वाढवावं आणि रसासाठी वेगळी जात लावावी, हाच त्यातला व्यवहारी मार्ग दिसतो.

ताजं फळ म्हणून विकायचं तर पुन्हा सैल साल आडवी येते. लांबच्या देशात पाठवायला थंड साखळी हवी, मेणाचा पातळ थर हवा, निवड काटेकोर हवी. म्हणून कित्येक वर्षं मोठा गिऱ्हाईक राहिला तो ट्रकनं गाठता येणारा बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क वर्षामागून वर्ष वाढवत नेलं आणि इकडे बागेतले भाव कोसळले. त्यात गेल्या काही वर्षांत फळगळ. अवकाळी पाऊस, बुरशी, रस शोषणारे पतंग, आणि सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. ज्या शेतकऱ्यानं बहारातच व्यापाऱ्याशी बागेचा सौदा केला, त्याला निदान इसार मिळालेला असतो. ज्यानं भाव वाढेल म्हणून थांबायचं ठरवलं, तो सडा मोजतो.

खाणाऱ्यानं घेताना काय पाहावं? रंग नव्हे. साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात. ऑक्टोबरात उकाडा रेंगाळला तर आतून गोड झालेला आंब्याचा संत्राही बाहेरून हिरवट राहतो. व्यापारी मग वायू देऊन रंग आणतात, त्यानं साल रंगते, गर होता तसाच राहतो. तोडल्यावर संत्रा आंब्यासारखा पिकत नाही, त्याची गोडी झाडावरच ठरते. फळ हातात तोलून पाहावं. आकाराच्या मानानं जड लागला तर रसाळ. मोठा, हलका आणि दाबल्यावर पिचणारा असेल तर आत फोडी सुकलेल्या असायची शक्यता जास्त.

सालीचं करायचं काय, हा प्रश्न विदर्भातल्या घरांनी आधीच सोडवला आहे. आंब्या बहार आणि दिवाळी एकाच सुमारास येतात. साली गच्चीवर सुपात वाळतात, कडक झाल्या की कुटून वस्त्रगाळ होतात, आणि नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद यांच्याबरोबर उटण्यात जातात. बाजारातल्या फळावर मेण किंवा फवारणीचा अंश असू शकतो. साल वापरायची तर फळ आधी कोमट पाण्यात चोळून धुवावं, आणि नाजूक त्वचेवर उटणं आधी मनगटाला लावून पाहावं. चहात टाकायला सालीचा नखाएवढा तुकडा पुरतो, त्याहून जास्त घातला तर चहा कडू होतो. नागपूरची संत्रा बर्फी प्रसिद्ध आहे. ती घरी करायची तर खवा परतून उतरवल्यावर, तो कोमट झाला की गर मिसळावा. तापत्या खव्यात गर घातला तर खवा फाटतो आणि वासही उडतो. वास हवा असेल तर सालीचा केशरी भाग किसणीवर दोनदा फिरवून शेवटी घालावा. पांढरा भाग लागला की कडूपणा आलाच.

एक गोष्ट मात्र करू नये. घरामागच्या गांडूळखताच्या खड्ड्यात सालींचा ढीग टाकू नये. ज्या तेलानं ठिणग्या उडतात ते गांडुळांना सहन होत नाही. बायोगॅसच्या टाकीतही साली जास्त झाल्या तर जिवाणूंचं काम मंदावतं. थोड्या साली, तुकडे करून, वाळवून, बाकी कचऱ्यात मिसळून गेल्या तर चालतात.

मार्च संपत आला की महामार्गावरचे ढीग लहान होऊ लागतात. ऊन चढतं, ताडपत्रीखाली टरबुजं येतात. शेवटच्या मृगाच्या फळांची साल तोवर इतकी सैल झालेली असते, की फळ हलवलं तर आत गर हलल्यासारखा वाटतो. ती बाई अशी फळं वेगळी काढून ठेवते, दूरच्या गिऱ्हाईकाला देत नाही. ‘हे इथंच खा जी,’ म्हणते, ‘नागपूरपर्यंत नाई टिकत.’ आणि खरोखरच ती सगळ्यांत गोड असतात.